हौसाबाई आणि नर गुग्गुळ

हौसाबाईंनी खोचलेली काडी कधी सुकत नाही, असं झाशीच्या त्या सरकारी वनस्पती केंद्रात सगळेच म्हणायचे. जास्वंद असो, डाळिंब असो, नाहीतर साहेबांच्या बंगल्यावरची हट्टी बोगनवेल असो, काडी त्यांच्या हातून मातीत गेली की पंधरवड्यात तिला डोळे फुटायचे. "बाईजी के हाथ में कुछ है," माळी लोक म्हणायचे. हौसाबाई हसून सांगायच्या, "हाथ में क्या होगा भैया, मिट्टी है."

मूळच्या त्या माण तालुक्यातल्या, दहिवडीजवळच्या. नवरा दगडू सैन्यात हवालदार. शेवटची नेमणूक झाशीजवळच्या बबिन्याला झाली, तिथूनच निवृत्त झाले आणि झाशीतल्या एका कारखान्यात पहाऱ्याची नोकरी मिळाली. खंडेराव गेटजवळ दोन खोल्या झाल्या. "चार वर्षं काढू आणि गावाकडं जाऊ," असं म्हणता म्हणता तीस वर्षं गेली. दोन्ही मुली लग्न होऊन साताऱ्याला आणि पुण्याला गेल्या. रिकामं घर खायला उठलं, तेव्हा हौसाबाई केंद्राच्या रोपवाटिकेत रोजंदारीवर जायला लागल्या. पिशव्या भरायच्या, काड्या लावायच्या, झारीनं पाणी द्यायचं.

एके दिवशी एक पिशवी फाटून सगळी माती त्यांच्या पायावर सांडली. "मेले, तुला आत्ताच फाटायचं होतं का?" त्या पुटपुटल्या. मागं कुणीतरी खुदकन हसलं. डॉ. मेघना ठोसर, अकोल्याची, नुकतीच बदलून आलेली शास्त्रज्ञ. महिनाभर हिंदी बोलून तिचा जीव आंबून गेला होता.

"मावशी, पुन्हा एकदा म्हणा ना," ती म्हणाली.

त्या दिवसापासून मेघनानं त्यांना मावशी केलं. हौसाबाईंनी मात्र तिला मॅडमच ठेवलं.

मेघनाचं काम होतं गुग्गुळावर. आपण धूप म्हणून जाळतो, वैद्य सांधेदुखीवर देतात, तो डिंक ज्या झुडपातून पाझरतो ते झुडूप. झाशीबाहेर बरुआसागरच्या पलीकडे बेतवा नदीच्या अंगानं खडकाळ टेकड्या आहेत. तिकडे त्यांना टौरिया म्हणतात. त्यातल्या एका टौरियावर गुग्गुळाची चाळीसेक झुडपं उरली होती. डिंक काढणारे घाईनं खोल घाव घालायचे. झुडूप एकदा भरभरून डिंक द्यायचं आणि वाळून जायचं.

पहिल्यांदा तिथं गेल्यावर हौसाबाईंनी एका झुडपाभोवती फेरी मारली. अंगावर काटे, एक पान नाही, साल कागदासारखी सुटत चाललेली.

"मॅडम, हे जितं आहे का मेलंय?"

"जिवंत आहे, मावशी. वर्षातले आठ महिने असंच दिसतं. पण आणखी किती वर्षं राहील, सांगता येत नाही."

हौसाबाईंनी नखानं साल जराशी खरवडली. आत हिरवंगार. त्यांना ते झुडूप एकदम आवडलं. थोडक्या पाण्यावर तक्रार न करता उभी राहिलेली माणसं बघतच त्या लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या.

काम असं ठरलं की टौरियावरच्या झुडपांच्या काड्या आणायच्या, रोपवाटिकेत वाढवायच्या आणि टौरियाच्या पायथ्याशी केंद्राची जी जमीन होती तिथं लावायच्या. आणलेल्या काड्यांपैकी बहुतेक सुकल्या. हौसाबाईंचा हातही तिथं चालेना. फक्त एका झुडपाच्या काड्या भराभर फुटल्या. टौरियावरचं ते सगळ्यात मोठं झुडूप होतं, चांगलं पुरुषभर उंच, घेरदार. हौसाबाईंनी त्याचं नाव पाटलीण ठेवलं. मग काय, पुढच्या खेपेला पाटलिणीच्याच काड्या आल्या, त्याच्या पुढच्याही खेपेला तिच्याच. मेघनानं एक-दोनदा म्हटलं, "मावशी, सगळ्या एकाच झुडपाच्या नकोत." पण वरून आकडा मागितला जात होता, पाटलीण आकडा भरून देत होती, आणि तीही गप्प बसली.

तीनशे बारा रोपं लागली. त्यातली दोनशे शहाण्णव पाटलिणीची. उरलेली सोळा नाल्याकाठच्या एका किडमिड्या, वाकड्या झुडपाची. ती हौसाबाईंनी केवळ हट्टापायी जगवली होती आणि शेवटच्या ओळीत, काळ्या मातीच्या बांधालगत लावून टाकली होती.

चार वर्षांत रोपं छातीला लागली. हिंदी पेपरात फोटो आला, हौसाबाई पाटलिणीच्या लेकींमध्ये पदर सावरून उभ्या. दगडूंनी तो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. "पलटण उभी केलीस गं," ते म्हणाले.

मग करोनाच्या दुसऱ्या वर्षीचा श्रावण आला. झाशीकडे पाऊस असा सलग पडत नाही, पडतो तो झोडपून आणि निघून जातो. त्या वर्षी तो अकरा दिवस थांबलाच नाही. बेतवा फुगली, रस्ते तुटले. हौसाबाई टौरियाच्या पायथ्याशी पोचल्या तेव्हा वावरात घोटाभर चिखल होता आणि आंबूस वास येत होता. पहिल्या झुडपाची पानं पिवळी पडली होती. त्यांनी खोड धरलं, तर ते हातात आलं. बुंध्याशी काळं कडं पडून आतलं सगळं पिठासारखं झालं होतं. दुसरं धरलं, तेही तसंच. तिसरंही. मूळकुज एका टोकाकडून निघाली होती आणि तिला वाटेत कुणी अडवलंच नव्हतं.

तीन आठवड्यांत जवळजवळ सगळं गेलं. हौसाबाई घरी येऊन भिंतीला टेकून बसायच्या. दगडू चहा करून पुढं ठेवायचे, तो गार व्हायचा.

"माझ्या हाताला काहीतरी झालंय," एकदा त्या म्हणाल्या.

"हाताला काही झालं नाही," दगडू म्हणाले. "पाऊस झालाय. जा आणि काय उरलंय ते मोज. लढाईनंतर आधी हजेरी घेतात."

हौसाबाई गेल्या आणि मोजलं. बोटावर, मग पाटीवर. वावराचा वरचा तुकडा राकड मातीचा, म्हणजे लाल, खडीमिश्रित, पाणी न धरणारा. तिथं पाटलिणीची एकवीस झुडपं तग धरून होती. खालच्या काळ्या मातीत पाटलिणीचं एकही उरलं नव्हतं. आणि त्याच काळ्या मातीत, बांधालगत, अगदी पाण्याच्या तोंडावर, नाल्याकाठच्या किडमिड्या झुडपाची सोळांपैकी अकरा पोरं उभी होती. पानं मलूल, पण खोड घट्ट.

त्यांनी मेघनाला ओढतच तिथं नेलं. "हे बघा. ज्यांची आशा नव्हती ती राहिली. असं का?"

मेघना चिखलात उकिडवी बसली. दोन्हीकडची खोडं तिनं दाबून पाहिली.

"मावशी, काडीपासून झालेलं रोप म्हणजे आईचीच दुसरी प्रत. पाटलिणीच्या अंगात ही कुज सोसायची ताकद नव्हती. म्हणजे तिच्या एकाही रोपात नव्हती. राकड मातीत पाणी थांबलं नाही म्हणून तिथली वाचली. इथं पाणी थांबलं आणि सगळी एकदम गेली. नाल्याकाठचं झुडूप दर वर्षी ओल्यात पाय ठेवून जगलंय. त्याच्या रक्तात काहीतरी वेगळं आहे, ते त्याच्या पोरांत आलं."

हौसाबाई काळ्या पडलेल्या ओळींकडे बघत राहिल्या. "म्हणजे मी तीनशे झाडं लावलीच नाहीत," त्या सावकाश म्हणाल्या. "एकच झाड तीनशे वेळा लावलं."

"तुम्ही नाही, मी," मेघना म्हणाली. "मी हे पुस्तकात शिकले होते. तुम्हाला सांगायला हवं होतं, अडून बसायला हवं होतं. आकड्याच्या मोहात पडले."

हौसाबाईंनी तिच्या खांद्यावर चिखलाचाच हात ठेवला.

दिवाळीनंतर हौसाबाईंनी विषय काढला. "मग आता काड्या नकोत. बी लावू. बी म्हटलं की पोर बापावर जातं, आजीवर जातं, काहीतरी वेगळं निघतं."

मेघनानं मान हलवली. "गुग्गुळाचं तेच तर अवघड आहे. यात मादीची झुडपं वेगळी आणि नराची वेगळी. पण मादीला नराशिवायही बी धरता येतं. असं बी म्हणजे पुन्हा आईचीच प्रत. या टौरियावरची सगळी झुडपं मी तपासली. चाळीसच्या चाळीस माद्या. नर दुर्मीळच असतो, इथं तर नाहीच."

"नाही, का दिसला नाही?"

"पाच वर्षं शोधतेय, मावशी."

"कुणाला विचारलंत?"

"डिंक काढणाऱ्यांना. वैद्यांना. वन खात्याला."

हौसाबाई हसायला लागल्या. "अहो मॅडम, ते फळाचं झाड दाखवणार, डिंकाचं दाखवणार. ज्याला कधी काही धरलंच नाही ते कोण दाखवील?" मग त्यांनी तिला माहेरच्या पपईची गोष्ट सांगितली. दहिवडीला त्यांच्या वडलांची पपईची बाग होती. पपईतही नर असतो, त्याला नुसती लोंबती फुलं येतात, फळ नाही. शेजारीपाजारी असं झाड दिसलं की कुऱ्हाड घालायचे, फुकट जागा अडवतं म्हणून. वडील मात्र दहा झाडांमागं एक नर मुद्दाम ठेवायचे. "लोकांनी इथलाही नर तोडून चुलीत घातला असणार. पण कुठं एखादा राहिला असेल तर तो 'बिनफळाचा' म्हणूनच विचारावा लागेल."

दर रविवारी दगडूंची जुनी स्कूटर बरुआसागरच्या वाटेला लागायला लागली. दगडू कुरकुरायचे, पण शनिवारीच पेट्रोल भरून ठेवायचे. आल्याच्या बाजारात, बस थांब्यावर, हातपंपाजवळ हौसाबाई बायकांना गाठायच्या. गुग्गुळाला तिकडे गूगल म्हणतात, त्यातून भलतीच गंमत व्हायची.

"बिना फल वाला गूगल कहीं देखा है, बहन?"

"अम्मा, गूगल तो मोबाइल में होत है," पोरी हसत सुटायच्या. एकीनं तर खरंच मोबाइल काढून पुढं धरला. दगडू स्कूटरवर बसल्या बसल्या हसून लाल व्हायचे.

पौष गेला, माघ गेला. ज्यांनी ज्यांनी "हाँ हाँ, है" म्हणून नेलं, तिथं दुसरंच झाड निघालं, कधी हिंगणबेट, कधी सालई. शिमग्यानंतर दगडूंनी एकदाच विचारलं, "अजून किती रविवार?" हौसाबाई पायात चपला अडकवून स्कूटरशी जाऊन उभ्या राहिल्या, तेव्हा ते गुपचूप हेल्मेट पुसायला लागले.

चैत्रात बाजारात रामकृष्ण भेटला. नदीकाठच्या एका खेड्यातला म्हातारा, आलं विकायला बसलेला. हौसाबाईंचा प्रश्न त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतला, आल्याची माती झटकली आणि म्हणाला, "हमाए गाँव में माता के थान पे एक है. बामें फल कबहुँ नईं लगो."

"मग अजून तोडलं कसं नाही कुणी?" हौसाबाई मराठीतच बोलून गेल्या, मग हिंदीत विचारलं.

"माता को है, बाई. को काटे?" देवीच्या झाडाला कोण हात लावणार?

देवीचं थान म्हणजे गावामागच्या दुसऱ्याच एका टौरियाच्या उतारावर चार शेंदरी दगड होते. त्यांच्यामागं एक झुडूप होतं. जुनं, बुटकं, नवसाच्या दोऱ्यांनी गुंडाळलेलं. पान नव्हतं, पण उघड्या काटेरी फांद्यांवर विटकरी रंगाची फुलं दाटली होती, प्रत्येक फूल मोहरीच्या दाण्यापेक्षा जरासंच मोठं. हौसाबाईंनी आधी देवीला हात जोडले, मग रामकृष्णाकडे पाहिलं. त्यानं मान डोलावली. मेघनानं दिलेलं भिंग त्यांनी डोळ्याला लावलं.

मादीच्या फुलात मधोमध एक हिरवी गोळी असते, तिचंच पुढं फळ होतं. ही गोळी त्यांनी पाच वर्षं प्रत्येक बहरात पाहिली होती. या फुलात ती नव्हती. कडेनं बारीक बारीक पिवळ्या टाचण्या उभ्या होत्या. त्यांनी करंगळी फुलावर टेकवली. करंगळीच्या टोकाला पिवळी धूळ लागली.

त्यांनी ते बोट दगडूंसमोर धरलं.

"सापडला?" दगडूंनी विचारलं.

त्यांनी मान डोलावली आणि डोळ्याला पदर लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेघना तिथं पोचली. भिंगातून एकदा बघितलं, पुन्हा बघितलं आणि तिनं चपला काढून त्या चार दगडांपुढं डोकं टेकलं. रामकृष्णाला हिंदीत सगळं समजावून सांगितल्यावर तो झुडपाकडे टक लावून बघत राहिला. "हम तो जनम भर जाए बंजर कहत रए," जन्मभर याला वांझच म्हणत आलो, असं म्हणून तो खजील होऊन हसला.

वाटलं होतं की आता काम झालं. झालं नव्हतं. त्याच चैत्रात नराची पिवळी धूळ मऊ कुंचल्यानं मादीच्या फुलांवर लावली, फांद्यांवर मलमलीच्या पिशव्या बांधल्या. थोडी फळं धरली, सहा बिया रुजल्या. रोपांची पानं तपासणीला दिल्लीच्या प्रयोगशाळेत पाठवली. निकाल आला: सहाही आईच्याच प्रती. बापाचा मागमूस नाही.

मेघना कागद हातात धरून खुर्चीत बसून राहिली. हौसाबाई मात्र त्या दिवशी रडल्या नाहीत. त्यांच्या मनात दुसरंच घोळत होतं.

"मॅडम, थानावरचं झुडूप उन्हाच्या उतारावर आहे. आपण धूळ आणायला गेलो तेव्हा त्याची निम्मी फुलं गळून गेली होती आणि आपल्या माद्या नुकत्याच फुलत होत्या. आपण लावली ती धूळ शिळी होती. वाळलेली. नवरदेव मांडवातून उठून गेला आणि मग नवरी आली."

"मग काय करायचं? ऋतू थोडाच बदलता येतो?"

"ऋतू नाही. पाणी बदलता येतं. गावाकडं मोगऱ्याला आम्ही आधी तहानेला ठेवायचो आणि मग भरपूर पाजायचो, की तो फुलायचाच. माद्यांना माघातच पाणी दाखवू."

मेघनानं कागद खाली ठेवला. "करून बघू," ती म्हणाली.

पुढच्या माघात हौसाबाईंनी बांधालगतच्या अकरा झुडपांना आणि राकडीतल्या काहींना ठरलेल्या दिवशी दोन-दोन बादल्या पाणी घातलं. बादल्या दगडू वाहायचे. नोकरी संपली होती आणि "आता माळ्याचा हवालदार झालो," असं ते सगळ्यांना सांगायचे. फाल्गुनाच्या शेवटी माद्या फुलल्या, थानावरचं झुडूपही त्याच आठवड्यात फुललं. रामकृष्णाच्या सुनेनं पहाटे कागदाच्या पुडीत ताजी धूळ गोळा करायची, दगडूंनी स्कूटरवरून ती आणायची, हौसाबाईंनी ऊन चढायच्या आत कुंचला फिरवायचा. साठीपार वयात त्या दोन तास वाकून उभ्या राहायच्या आणि संध्याकाळी कंबर धरून बसायच्या.

एकोणीस बिया रुजल्या. पानं दिल्लीला गेली. हिवाळ्यात एका दुपारी मेघना रोपवाटिकेत आली, तेव्हा हौसाबाई पिशव्या भरत होत्या.

"सात, मावशी."

"सात काय?"

"सात रोपांना आई आणि बाप दोन्ही आहेत. सातही एकमेकांपेक्षा वेगळी."

हौसाबाईंनी मातीचे हात तसेच तिच्या गालांवर ठेवले. "अगं माझे बाय!" त्या म्हणाल्या, आणि मॅडमला आपण एकेरी हाक मारली हे दोघींच्याही लक्षात आलं नाही.

बाकीची बाराही रोपं हौसाबाईंनी जपली. त्यातली पाटलिणीची राकडीत, नाल्याकाठच्या आईची काळ्या मातीत लावली आणि बाजूला चिठ्ठी खोचली. आता प्रत्येक झुडपाशी चिठ्ठी असते: आई कोण, बाप कोण, माती कोणती. नराच्याही काड्या त्यांनी फुटवल्या, आणि दोन टौरियांवर, एकमेकांपासून लांब, नर आणि मादी पाळीपाळीनं लावले. रामकृष्णाच्या गावात आता बिनफळाच्या झुडपाला कुणी कुऱ्हाड लावत नाही. दिसलं की केंद्रात निरोप येतो. असे दोन निरोप आले. एक सालईच होती. दुसरा मात्र खरोखर नर निघाला, थानापासून पाच कोसांवर.

या वर्षीचा पाऊस पुन्हा वाईट पडला. काळ्या मातीत मुद्दाम लावलेल्या त्या सात पोरांपैकी दोन कुजून गेली. हौसाबाईंना वाईट वाटलंच. पण पाच उभी होती, गुडघ्याएवढी, आणि कुजीचं काळं कडं त्यांच्यातल्या एकाच्याही बुंध्याला नव्हतं. त्या पाचांतली दोन तर आईपेक्षाही झपाट्यानं वाढताहेत.

मेघनाची बदली जोधपूरला झाली. निघताना ती हौसाबाईंच्या पाया पडायला वाकली, तर त्यांनी तिला मधेच धरलं. "तिकडं वाळवंटात याचे पुष्कळ भाऊबंद असतील ना?"

"असतील. पाठवते."

आणि तिनं पाठवले. रीतसर कागदपत्रांसह, ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या बारा काड्या, बारा वेगवेगळ्या झुडपांच्या. नवे साहेब म्हणाले, यातली जी चांगली फुटेल तिच्याच पुढं वाढवा, सोपं जाईल. हौसाबाईंनी मान वर केली. "नहीं साब. बारा की बारा. जो कमज़ोर दिखती है, वो पहले."

साहेबांनी कारण विचारलं. हौसाबाईंनी त्यांना शेजारचं स्टूल दाखवलं, बसा म्हणाल्या आणि काळ्या मातीतल्या त्या श्रावणापासून सुरुवात केली. सांगता सांगता हात चालूच होते. राकड मातीत खडी मिसळायची, पिशवी दोनदा ठोकून भरायची, काडी तिरकी खोचायची आणि अंगठ्यानं माती दाबायची. तिकडं दगडू दाराशी बसून लाकडी चिठ्ठ्यांवर जाड शाईनं आकडे घालत होते, आणि सातवा आकडा पुसला गेला म्हणून स्वतःशीच मराठीत शिव्या देत होते.